गिळता न आलेला पेढा

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पण चांदण्या बघणारी नव्हे. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी माणसांच्या घशातून आत उतरत असे. काळी लवचीक नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा, पोटात बारीक चिमटा. नवी होते तेव्हा केवढं कौतुक झालं माझं! आता मी कपाटात लटकते. त्याचं दुःख नाही. दुःख झुंबरबाईंचं आहे.

झुंबरबाई कळंब्याला खानावळ चालवायच्या. तांबडा रस्सा ढवळणारा त्यांचा भक्कम हात पार वाळला होता. मला बघून म्हणाल्या, "या पावणं. घास हितंच अडकतोय बघा."

डॉक्टर इरावती मॅडमनी मला आत सोडलं. अन्ननलिका एका बाजूनं फुगली होती, वरचं अस्तर मात्र गुळगुळीत. मी वरवरचा तुकडा आणला. तपासणीत त्यात कॅन्सर दिसला नाही.

"गाठ अस्तराखाली असणार. पुन्हा या, खोल तुकडा घेऊ," मॅडमनी बजावलं.

पण घरच्यांनी 'कॅन्सर नाही' एवढंच ऐकलं. सून क्रांतीनं नृसिंहवाडीला नवस बोलला होता, तो लगेच फेडला. दवाखान्यातही पेढे आले. मॅडमनी पुन्हा तपासणीचा विषय काढला, तर झुंबरबाईंनी हात जोडले.

"नवस फेडल्यावर परत तपासायचं म्हंजे देवावर संशय घेतल्यागत हुतंय. न्हाय जमायचं."

त्यांनी पेढ्याचा कण तोंडात टाकला. तो खाली उतरलाच नाही. हे सगळ्यांनी पाहिलं, तरी सगळे हसत घरी गेले.

हिवाळा सरल्यावर क्रांतीनं त्यांना धरून आणलं. आता पाणीही उतरत नव्हतं. या वेळी खोल तुकडा निघाला. तो लिम्फोमा ठरला, अन्ननलिकेत क्वचितच होणारा कॅन्सर.

"याला औषध आहे," मॅडम हळू म्हणाल्या, "पण ते सोसायला अंगात काही उरलं नाही."

क्रांती भिंतीला टेकून खालीच बसली. "देव कुठं नको म्हणाला हुता? आमीच म्हणालो की."

पंधरवड्यात झुंबरबाई गेल्या. मित्रांनो, आम्हाला स्वच्छ ठेवा, जपा, असं सगळीच यंत्रं सांगतात. मी एवढंच मागते: अहवाल चांगला आला तरी घरातल्या माणसाचा घास उतरतोय का, ते बघा. माझा दिवा अस्तरापर्यंतच पोचतो. ताटावर तर तुम्ही रोज समोर बसता.