पाली कुणी आणल्या?

"पाल दुधात पडली बाई, मी नाही टाकली!"

स्वयंपाकीण मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभी होती. डोंगरमाथ्यावरच्या या रुग्णालयात तिला सगळे 'खालची' म्हणत. वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, ढेकर दिले. तरी ती खालचीच.

"आमच्याकडे पाली कधी नव्हत्याच," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्ही खालचे लोक गाठोडी घेऊन येता, त्यातून ही घाण येते."

"मला येऊन वीस वर्षं झाली. एवढी वर्षं काय माझ्या गाठोड्यात उपाशी बसल्या होत्या पाली?"

दारात भांडी घासणारी मावशी फिस्सकन हसली आणि लगेच खोकली.

"तोंड सांभाळ! संध्याकाळी जेवणघरात सगळ्यांसमोर कबूल कर. नाहीतर खोली रिकामी कर."

खोली स्वयंपाकघरामागची. तिथे तिचा नवरा पडून असे. रुग्णालयाच्या शेगड्यांना कोळसा वाहता वाहता त्याचे गुडघे गेले. आता पूर्वीसारखी थंडी पडत नाही, शेगड्या पेटत नाहीत. कोळसा नको, म्हणून तोही नको.

"म्हणून टाक की चुकलं," तो म्हणाला. "अंगाला काय भोकं पडतात?"

"तुम्हाला नाही पडत!"

"अगं, जायचं कुठं? खाली नुसती भट्टी झालीय."

"म्हणूनच तर पालीसुद्धा वर आल्या ना!" ती ओरडली. मग तिनं त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

संध्याकाळी ती जेवणघरात उभी राहिली. चमचे थांबले.

"चुकलं माझं. पाली मीच आणल्या."

मेट्रनबाईंनी समाधानानं मान हलवली. त्यांच्या डोक्यावर नवा पंखा गरगरत होता. या इमारतीच्या छताला पंख्याचा हूकसुद्धा नव्हता; गेल्या उन्हाळ्यात भोक पाडून बसवला. उन्हाळा डोंगर चढून आला, तेव्हा त्याचं गाठोडं कुणी तपासलं नाही. साहेबलोकांचा पाहुणा तो!

स्वयंपाकिणीची नजर त्या पंख्यावरच अडकली.

"आणि हा पंखा? हाही मीच आणला असणार गाठोड्यातून. आणि उन्हाळा? तोपण माझ्याच पदराला बांधून आला का हो बाई?"

कुणी हसलं नाही. मावशीसुद्धा.

सकाळी खोली रिकामी करून तिनं जेवणघरात पंख्याखाली बसलेल्या मेट्रनबाईंच्या टेबलावर जाड लोकरी ब्लँकेट ठेवलं. नोकरीला लागली तेव्हा मिळालेलं.

"हे तुमचं. थंडीसाठी दिलं होतंत. कैक वर्षांत घडी मोडलेली नाही."

मग नवऱ्याचा हात खांद्यावर घेऊन ती उतार उतरू लागली.

मेट्रनबाईंनी पंखा बंद केला नाही. ब्लँकेटची सुटलेली एक दशी वाऱ्यानं हलत राहिली.