तार अजून तिथंच आहे

मी एक जुना लॉन मोवर आहे. गवत कापणारा, पेट्रोल पिणारा, आणि सध्या शाळेच्या मागच्या खोलीत मोडक्या बाकांशेजारी कुलपात पडलेला. सगळे मला खुनशी म्हणतात. मित्रांनो, आधी ऐका, मग म्हणा.

मला घडवणाऱ्यांना अक्कल होती. त्यांनी माझ्या मुठीला एक दांडी लावली. ती दाबून धरली तरच पातं फिरतं. हात सुटला की मी बंद. सहा वर्षं मी शाळेचं मैदान कापलं. कौतुक मैदानाचं झालं, माझ्या पात्याला धार लावायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

दांडी धरून माळीकाकांचं मनगट दुखायचं. एक दिवस त्यांनी ती तारेनं करकचून बांधली. त्यांची बायको, शाळा झाडणारी मावशी, म्हणाली, "अहो, ती दांडी कोणी हौसेनं लावली नसेल."

"तू झाडू मार. यंत्राचं मला शिकवू नकोस."

मग ती सकाळ आली. गवत ओलंचिंब होतं. काका मोठ्या बाईंना म्हणाले, "ओलं गवत अडकतं, बाई. दुपारी कापतो."

"पाहुणे दहाला येणार, दुपारी कापून काय त्यांना फोटो पाठवू?"

अर्धं मैदान झालं आणि माझ्या तोंडात गवताचा बोळा बसला. काकांनी मूठ सोडली. मी थांबायला हवं होतं. तारेनं थांबू दिलं नाही. पाहुण्यांच्या घाईत काकांनी तसाच बोळा काढायला हात आत घातला.

दोन बोटं गेली.

"यंत्रच वाईट निघालं," बाई म्हणाल्या. काका तारेबद्दल बोलले नाहीत, नोकरीची भीती. मावशी त्यांना घेऊन दवाखान्यात धावली. मला कोणीतरी ढकलत इथं आणून कोंडलं. एकानंही वाकून मुठीकडे पाहिलं नाही. दोष द्यायला वाकावं लागत नाही ना!

आज नवीन माळी येऊन मला बघून गेला. तार चाचपून खूश झाला. "वा, आधीच्यानं सोय करून ठेवलीय." उद्या सकाळी तो मला बाहेर काढणार आहे. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत.

मित्रांनो, यंत्राची काळजी म्हणजे नुसतं तेलपाणी नव्हे. ते जिथं थांबतं, तिथं त्याला थांबू द्यायचं असतं. तुम्ही मला हात लावू नका. फक्त आत्ता, धावत जा आणि मावशीला सांगा, तार अजून तिथंच आहे.