टाचणीकाकूंचा रेझर

मी एक जुना रेझर आहे, पण मी आयुष्यात एकदाही कुणाची दाढी केलेली नाही. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. हसा, मित्रांनो. ज्या घरात मी राहिलो तिथे माझ्यावरून पुष्कळ हसणं झालं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या कांबीतून माझी मूठ कातली गेली. ओल्या हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर बारीक खाचा पाडल्या गेल्या आणि वर चकचकीत मुलामा चढला. मूठ, खालची दातेरी पट्टी आणि वरचं टोपण, एवढाच माझा संसार. पट्टी आणि टोपण यांच्या मध्ये ब्लेड ठेवायचं आणि मूठ फिरवून घट्ट करायची. तपासणीच्या टेबलावरच्या बाई आम्हाला एकेक करून उजेडाकडे धरायच्या. मला पाहून त्या शेजारणीला म्हणाल्या, की हा एखाद्या रुबाबदार माणसाच्या गालावरून फिरणार. त्यांचं भाकीत साफ चुकलं.

दुकानाच्या काचेआडून मला उचललं ते टाचणीकाकूंनी. त्या कपडे शिवायच्या. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. मापाचा झगा अंगावर चढवून कुणी आरशासमोर उभं राहिलं, की काकू ओठांत टाचण्यांची रांग धरून तिच्याभोवती फिरायच्या आणि तशाच बोलत राहायच्या. ओठ न हलवता अख्ख्या गल्लीची खबरबात सांगणं त्यांनाच जमायचं.

दुकानदाराने विचारलं, साहेबांसाठी का? काकूंनी होकाराची मान हलवली. मग त्याने साहेबांसाठी म्हणून त्यांना सगळं नीट समजावून दिलं. आधी कोमट पाण्याने कातडी मऊ होऊ द्यायची. फेस भरपूर लावायचा. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनानेच चालू द्यायचा. केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला न्यायचा, उलटा नाही. काकू मन लावून ऐकत होत्या आणि मधूनमधून ‘सांगते हं त्यांना’ म्हणत होत्या. मित्रांनो, काकूंच्या साहेबांना छातीपर्यंत दाढी होती. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्यांची हनुवटी काकूंनीही कधी पाहिली नव्हती.

मी काकूंना स्वतःसाठीच हवा होतो. ओटीपोटाखालचे आणि जांघेच्या कडेचे केस काढायला. दिवसभर मशीनवर बसून उकाड्यात तिथे घाम साचायचा, खाज सुटायची. केस काढले की त्यांना हलकं वाटायचं. कारण एवढंच. पण शरीराच्या त्या भागाबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं त्या लहानपणापासून शिकल्या होत्या. म्हणून त्यांनी मला चष्म्याच्या जुन्या घरात घातलं आणि मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांमागे दडवलं.

तरीही ती पहिली वर्षं फार मजेची होती. सुट्टीच्या सकाळी साहेब बाहेर पेपर घेऊन बसले की खण उघडायचा आणि न्हाणीघराची कडी लागायची. काकू स्टुलावर बसायच्या, आरसा समोर भिंतीला टेकवायच्या. आधी छोट्या, बोथट टोकाच्या कात्रीने केस आखूड करून घ्यायच्या. मग कोमट पाणी, मग फेस. डाव्या हाताने कातडी हलकेच ताणून धरायच्या आणि उजव्या हातात मी. खिडकीतून ऊन यायचं. काकू एक चाल गुणगुणायच्या, जिचे शब्द त्यांना कधीच आठवले नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या मापात वावरणारी ती बाई तेवढा वेळ फक्त स्वतःची असायची. मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा.

पण शिवणकाम करणाऱ्या हातांना काही सवयी असतात, आणि त्या न्हाणीघरातही सोबत येतात. काकूंना काही म्हणून वाया घालवणं जमत नसे. नवं ब्लेड आधी शिवणी उसवायला जायचं. त्याची धार उतरून ते कापड ओढू लागलं, की मग माझ्यात बसायचं. कापड बिघडलं तर गिऱ्हाईक बोलणार, आपल्या कातडीबद्दल कोण बोलणार, असा तो हिशोब होता. दुसरी सवय फिनिशिंगची. एकदा हात फिरवून त्यांचं समाधान होत नसे. त्याच जागेवरून पुन्हा, मग उलट बाजूने, मग आणखी एकदा. इस्त्री फिरवावी तशा त्या मला फिरवायच्या.

एका उन्हाळ्यात एक केस बाहेर यायच्या ऐवजी कातडीच्या आतच वळला आणि तिथे बारीक पुळी आली. काकूंनी काय करावं? कापडात अडकलेला दोरा काढावा, तसा तो त्यांनी शिवणाच्या सुईने उकरून काढला. दिसायला काम नेटकं झालं. पण थोड्याच दिवसांत तिथे गळू धरलं.

काकूंना साखरेचा त्रास होता. अशा माणसाचं गळू साधं नसतं, ते पसरत जातं. हे त्यांना ठाऊक होतं, पण डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे आधी सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे मरणच. त्या दुमडलेल्या गोधडीवर तिरक्या बसून मशीन चालवू लागल्या. साहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, कंबर धरलीय. शेजारणीला म्हणाल्या, गुडघा. एकेक दिवस एकेक अवयव पुढे करत त्यांनी वेळ काढला. खणातून मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. चाक सुरू करताना तो अडकायचा. चाल गुणगुणणं थांबलं होतं.

त्या आठवड्यात लेक घरी आली. ती दुसऱ्या शहरात ग्रंथपाल होती, कमी बोलणारी, पण डोळे सगळीकडे असणारी. आई तिरकी का बसते, तिने विचारलं. मशीन जड झालंय, काकू म्हणाल्या. लेकीने मशीनला तेल घातलं, आईला उठवून स्वतः बसली आणि एक लांब शिवण मारली.

“लोण्यासारखं चालतंय,” ती म्हणाली. “आता खरं काय जड झालंय, ते सांग.”

काकूंनी आधी साहेबांना बाहेर पाठवलं. मोरपंखी रंगाचा दोरा हवा होता, पण निळ्याकडे झुकणारा नको आणि हिरव्याकडे झुकणाराही नको. असा दोरा जगात नसतो हे साहेबांनाही कळत असावं, तरी ते पिशवी घेऊन निमूट निघाले. मग काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून त्यांच्या छोट्या गादीला टोचल्या. सगळ्या.

“मला बसवत नाही ग,” त्या म्हणाल्या. “खाली गळू झालंय. माझ्याच हाताने करून घेतलंय. आता हे कुणाला दाखवायचं?”

“मला दाखव.”

“वेडी आहेस का? आईने लेकीला दाखवायचं का असलं?”

“तू मला न्हाऊमाखू घालायचीस, तेव्हा मी लाजत होते का?”

“तेव्हा तू वीतभर होतीस.”

“आणि आता तू तापाने फणफणलीयस,” लेक म्हणाली. “चल, चपला घाल.”

निघताना तिने खण उघडायला लावला आणि चष्म्याच्या घरासकट मला पर्समध्ये टाकलं. कशाने झालं हे डॉक्टरांना कळायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. मित्रांनो, माझा तो पहिलाच प्रवास.

डॉक्टरीणबाईंनी गळू पाहिलं, ताप मोजला, साखर तपासली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लाली जांघेपर्यंत पसरली होती. आणखी उशीर झाला असता तर मोठ्या ऑपरेशनशिवाय इलाज उरला नसता. त्यांनी जागा बधिर करून गळू मोकळं केलं, औषधं लिहून दिली. या सगळ्या वेळात लेकीने आईचा हात धरला होता. काकू ओरडल्या नाहीत. त्या छताकडे बघत डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही कशी चुकीची बसलीय ते सांगत राहिल्या.

मग मला टेबलावर ठेवण्यात आलं. डॉक्टरीणबाईंनी माझं टोपण उघडलं. साबणाचा थर, गंजाचे ठिपके, आणि पट्टीच्या दातांत अडकलेला एक लाल धागा. तो त्यांनी चिमट्याने वर धरला.

“हा कसला?”

“बेकरीवाल्या बाईंच्या लाल झग्याचा,” काकू अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. “बाही उसवली होती.”

आधी लेकीला हसू फुटलं. मग डॉक्टरीणबाईंना. शेवटी काकूंनाही, आणि हसताना दुखलं म्हणून त्या दोघींवर रागावल्या.

हसून झाल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची जवळ ओढून बसल्या. केस असणं म्हणजे घाण नव्हे, त्या म्हणाल्या, ते कातडीला जपतात, ठेवले तरी काही बिघडत नाही. काढायचेच असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करणं सगळ्यात निर्धोक. रेझरच हवा असेल तर ब्लेड नवं आणि तेवढ्याच कामाचं. केसांच्या दिशेने, न दाबता, फक्त बाहेरच्या कातडीवर. पुन्हा पुन्हा नाही. नंतर साधं पाणी, टॉवेलने नुसतं टिपणं, अत्तरबित्तर काही नाही, आणि सैल सुती कपडे. पुरळ किंवा जखम असेल तर ती बरी होईपर्यंत रेझरला हातच लावायचा नाही. आणि आत वळलेल्या केसाला सुई तर नाहीच नाही.

काकू ऐकत होत्या. दिशेचं आलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे मखमलीसारखं,” त्या म्हणाल्या. “लव बसते त्याच बाजूने हात फिरवायचा. हे मला ठाऊक होतं की. कापडाला मी इतकी जपते.”

“तेवढीच स्वतःला जपा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि कोट काढून बाही दुरुस्तीला दिला.

काकू बऱ्या झाल्या आणि माझे दिवस पालटले. खणातून माझी सुटका झाली. मला उकळत्या पाण्याने धुतलं, आणि न्हाणीघराच्या खिडकीत वारं लागेल अशा खुंटीवर माझी जागा ठरली. उसवायची ब्लेडं वेगळ्या डबीत गेली. माझी नवी ब्लेडं कोण आणायचं, सांगू? साहेब. त्या दिवशी दोरा न मिळता ते परत आले, तेव्हा लेकीने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. दुकानदाराने एकदा त्यांच्या छातीवर रुळणाऱ्या दाढीकडे पाहिलं, हातातल्या ब्लेडांकडे पाहिलं आणि भीत भीत विचारलं, की रेझर नीट चालतो ना? साहेब म्हणाले, रेझर उत्तम आहे, मलाच वेळ मिळत नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा काकू हसता हसता मशीनवर डोकं टेकून बसल्या.

मग पडद्यामागच्या मापाच्या खोलीत एक नवी रीत सुरू झाली. कुणी कपडे बदलताना तिकडे खाजतं, पुळ्या येतात असं कुजबुजलं, की काकू टाचण्या ओठांतून काढायच्या आणि स्वतःची गोष्ट सांगायच्या. लाल धाग्यासकट. बेकरीवाल्या बाईंना ती गोष्ट इतकी आवडली, की त्या आपल्या झग्याला काकूंचा प्राणघातक झगा म्हणू लागल्या. पडद्यामागून हसण्याचे फवारे उठायचे, आणि बाहेर बसलेल्यांना वाटायचं की आत माप घेताना गुदगुल्या करतात.

वर्षं सरली. काकूंची नजर मंद झाली, हात थरथरू लागला. लेकीने कंगव्यासारखी जाळी असलेला ट्रिमर आणला, आणि काकूंनी दोन्ही हातांनी उचलून मला कपाटात ठेवलं. माझ्यावर धूळ बसली. कधीतरी कपाट उघडायचं, ट्रिमरचा गुणगुणाट आत यायचा, आणि त्याच्यावर काकूंचा. मला तेवढं पुरेसं होतं.

काकू गेल्या. त्याबद्दल मी फार सांगणार नाही. घरातलं मशीन बरेच दिवस बंद होतं.

लेकीने त्यांच्या वस्तू वाटल्या. कुणी कात्री नेली, कुणी शिवताना बोटात घालायचा अंगुस्ताना, कुणी टाचण्यांची गादी. शेवटी मी उरलो. एका संध्याकाळी मापाच्या खोलीत जुनी गिऱ्हाइकं भेटायला जमली होती, सगळ्यांच्या हातात रुमाल. एकीने विचारलं, आईचं तू काय ठेवलंस ग? लेक उठली आणि मला घेऊन आली.

सगळ्या पुढे झुकल्या. मग बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, “अरे, हाच का तो माझ्या झग्याचा शत्रू?” आणि खोलीत हसू पसरलं. ज्या रडत होत्या त्याही हसल्या. प्रत्येकीला काकूंनी काही ना काही सांगितलेलं निघालं. त्या गलक्यात शेवटच्या खुर्चीवरची एक पाठीला बाक आलेली बाई हळूच म्हणाली, “मला पण झालंय तसं गळू. पंधरवडा झाला. काकू असत्या तर त्यांना सांगणार होते.”

लेकीने मला खाली ठेवलं. “मला सांगा ना,” ती म्हणाली.

दवाखाना उघडा होता. लेक त्या बाईंबरोबर निघाली, आणि बेकरीवाल्या बाई सोबत म्हणून. साहेबांनी राहिलेल्यांसाठी चहा टाकला.

मित्रांनो, लोक जुन्या वस्तू जपा म्हणतात, वापरा म्हणतात. मी उलटं सांगतो. मला वापरू नका. रेझर कितीही लाडका असला तरी तो ज्याचा त्याचा असतो, आईचाही लेकीने घेऊ नये. तुमचा तुम्ही घ्या, नवा, स्वच्छ, आणि घेतलाच नाही तरी काही अडत नाही. पण शरीराच्या कुठल्याही कोपऱ्यात काही दुखलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. ऐकणारं माणूस असतं. बहुतेक वेळा ते शेजारच्याच खोलीत, मशीनला तेल घालत असतं.