पालु, टीचर

माझी जीभ तिखट आहे, हे तंजावरातल्या आमच्या मराठी मंडळींत सगळ्यांना ठाऊक आहे. मला नोकरी लागली तेव्हा सासरे हनुमंतराव म्हणाले, "कृष्णवेणी सरकारात शिरली, आता सरकारचं काही खरं नाही." त्र्याण्णव सालची गोष्ट. पाच वर्षं अर्ज करून पापनाशमजवळच्या एका खेड्यात नव्या बालवाडीची टीचर म्हणून ऑर्डर आली होती. कागद देवासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचून घेतलं.

बालवाडीत एका मुलामागे खाती चार. इमारत पंचायतीची, तांदूळ-डाळ समाजकल्याणची, वजनकाटा पोषणवाल्यांचा आणि लस टोचायला आरोग्यखात्याची नर्स. प्रत्येकाचं रजिस्टर निराळं. आमच्या सुपरवायझर विजयलक्ष्मी मॅडमनी चावी देतानाच बजावलं, "तीन आठवड्यांनी शुक्रवारी येईन. वीस मुलं बसलेली दिसली नाहीत तर केंद्र शेजारच्या गावाला जाईल. ते लोक कधीचे मागतायत."

"वीस काय, चाळीस बसवते," मी म्हटलं. तोंड आहे ना.

पहिल्या दिवशी सकाळी दार उघडते तर सात-आठ बायका पायरीशी उभ्या. प्रत्येकीच्या हातात झाकणाचा डबा. सगळ्यांत पुढे कमलाक्षी नावाची उंच, सावळी बाई, कडेवर मुलगी. तिनं डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "पालु, टीचर."

पाल, बोलताना पालु, म्हणजे तमिळमध्ये दूध. त्या लिपीत प आणि ब यांना अक्षर एकच, त्यामुळे आमच्या पाटीवरची बालवाडी अख्खं गाव 'पालवाडी' अशीच वाचायचं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुधाची वाडी समजून या बाया फुकटचं दूध न्यायला आल्यात. आणि मग माझ्यातलं मराठीपण उसळलं. घरी माझी मुलं मला तमिळमधून उत्तरं देतात ते मी मुकाट्यानं ऐकते, पण हा शब्द आमचा. पायरीवर उभी राहून भाषणच ठोकलं. पाल नव्हे, बाल. बाल म्हणजे मूल. इथं दूधबीध काही नाही. डबे घरी न्या आणि मुलं पाठवा.

बायका एकमेकींकडे बघत निघून गेल्या. कमलाक्षी शेवटी गेली. काय झकास समजावलं आपण, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

त्यानंतर मुलं आली चार. त्यांतलं एक झोपायलाच यायचं. मी घरोघर फिरले, तर बायका "बघू" म्हणून दार लोटायच्या. लावणीचे दिवस होते. मुलांना त्या कालव्याच्या बांधावर बसवत आणि दिवसभर चिखलात वाकत. इथं तयार गरम भात सोडून पोरांना उन्हात बसवतात, याचा मला इतका संताप यायचा की रात्री जेवण जाईना. दोन आठवडे असे गेले. तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी माझा तोल सुटला.

"दूध मिळालं नाही म्हणून रुसलंय हे गाव," मी आमच्या आयाला, शेषम्माला म्हटलं. ती त्याच गावची, चार मुलांपुरते तांदूळ निवडत बसली होती.

"त्या दूध न्यायला नव्हत्या आल्या, टीचर. द्यायला आल्या होत्या," ती मान वर न करता म्हणाली. "नवं घर. दूध उतू गेल्याशिवाय तिथं मूल कोण ठेवील?"

आम्ही भाड्याच्या नव्या घरात गेलो तेव्हा चुलीवर दूध ठेवून ते उतू जाईपर्यंत मी स्वतः उभी होते. मग ते वाटीवाटीनं शेजारी वाटलंही होतं. सरकारी इमारत हेही एक घर आहे, हे या शहाणीच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

गुरुवारी पहाटे, बायका शेतावर निघायच्या आत, मी दारोदार गेले. चुकलं माझं, म्हटलं. हे दोन शब्द मी आमच्या ह्यांनाही कधी ऐकवलेले नाहीत. उद्या दूध घेऊन या, म्हटल्यावर एकीला हसू आलं, दुसरीनं "उद्या किती वाजता?" विचारलं. कमलाक्षी मात्र अंगण झाडत राहिली. तिची ती कडेवरची मुलगी, जननी तिचं नाव, उंबऱ्यात बसून माझ्याकडे टकामका बघत होती. मी पुढच्या दाराकडे वळले.

शुक्रवारी सहाला आम्ही चूल पेटवली. सहा घरचं दूध एका पातेल्यात. ते वर आलं, काठावर थरथरलं आणि धो धो उतू गेलं. बायकांनी तोंडावर हात फिरवत कुलवै घातली, म्हणजे जिभेनं तो मंगल आवाज काढला, आणि माझ्या अंगावर काटा आला. मग प्रत्येक मुलाला वाटीभर दूध पाजून बायका लावणीला गेल्या. मुलं राहिली. मला इतका आनंद झाला की मी मोजायलाच विसरले.

मॅडम दहाला आल्या. त्या विसरल्या नाहीत. त्यांनी एकेकाकडे बोट करून मोजलं, पुन्हा मोजलं.

"एकोणीस."

"मॅडम, एकाचा तर प्रश्न."

"एकोणीस म्हणजे वीस नव्हेत, कृष्णवेणी." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. कमलाक्षी, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, शेतातून मधेच उठून आलेली. एका हाताला जननी, दुसऱ्या हातात तोच डबा. तिनं तो तसाच माझ्यापुढे धरला.

"पालु, टीचर."

"आण गं बाई," मी म्हटलं, चक्क मराठीत, आणि दोन्ही हातांनी डबा घेतला. तिनं जननीचा हात सोडला. पोरगी सरळ आत गेली आणि त्या झोपाळू मुलाला ढकलून त्याच्या चटईवर बसली.