शिळं पाणी

“ताई, मरत न्हाय असा मासा हाय का वो तुमच्याकडं?”

मी लव्हबर्डच्या पिंजऱ्याखालचा कागद बदलत होते. मान वर न करताच म्हणाले, “तसा असता तर दुकान कशाला चालवलं असतं काका? त्याचं देऊळ बांधून दानपेटीजवळ बसले असते.”

गिऱ्हाईक हसलं नाही, म्हणून वर बघितलं. साठीला टेकलेला काटक माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, खाकी पँटवर न जाणारे पांढरे डाग. चपला दाराबाहेर काढून माशांच्या टाक्यांसमोर उभा. माझ्या दुकानात आजवर कुणी चपला काढल्या नव्हत्या.

नळदुर्गला बसस्टँडच्या मागे माझं मासे-पक्ष्यांचं दुकान आहे. मी राजनंदिनी, फटकळ म्हणून गावभर प्रसिद्ध. लोक येतात, सोफ्याच्या रंगाला शोभेल असा मासा मागतात, आठ दिवसांनी मेला म्हणून भांडायला येतात. त्यांना मी चांगली झाडते. या माणसाला झाडायला मात्र जीभ उचलेना.

त्याचं नाव नागप्पा. हायवेच्या पलीकडच्या एका गावात एकतीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडत आलेला. टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, गल्लीगल्लीला पाणी द्यायचं. पँटवरचे डाग त्या पावडरीचे.

“आमच्या मंडळीचं डोळ्याचं आपरेशन झालं सोलापूरला,” तो सांगू लागला. “पट्टी काढली तवा समोर काचंत मासं व्हतं. तीन घंटे जागची हालली न्हाय वो बाई. म्हनली, देवानं पान्यात दिवं सोडलेत. चाळीस वर्साच्या संसारात तिनं कायबी मागितलं न्हाय. आता म्हनली, असलं आपल्या घरी असतं तर?”

“मग न्या की गोल्डफिश. सगळे तेच नेतात.”

“न्हेतो. पर मरायला न्हाय पायजे.” त्याचा आवाज उतरला. “तीन लेकरं झाली आमाला. एक बी वर्साच्या पुढं गेलं न्हाय. तवापासून म्हनते, माझ्या हाताला काय जगत न्हाय. दारात झाड लावत न्हाय. शेजारनीचं लेकरू कडंवर घेत न्हाय. आता ह्ये मासं बी गेलं तर…”

मी हातातला कागद खाली ठेवला आणि खरंच मन लावून मासे निवडायला लागले.

गोल्डफिश नको. दिसतो गुटगुटीत, पण घाण फार करतो, छोट्या टाकीत टिकत नाही. एंजल नाजूक. गप्पी चालेल, पण मॉली त्याहून बरी. आपल्याकडचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं. मॉलीला तेच मानवतं. काळ्या मॉलीची टाकी दाखवली, तर या बाबानं सरळ आत बोट बुडवलं.

“ओ काका! हात नाही घालायचा!”

त्यानं बोट नाकाशी धरलं. “नळाचं हाय. पर दोन दिस उघडं ठिवलंय. पावडर उडून गेलीया.”

बरोब्बर दोन दिवस! चौदा वर्षं मी या धंद्यात आहे, मला असं कधी कळलेलं नाही. पाण्याला असंही कुणी ओळखत असतं, शेजाऱ्याची हाक ओळखावी तसं.

तरी सांगायचं ते सांगितलं. आधी पंधरा दिवस नुसतं पाणी आणि शेवाळ ठेवा, मासे नंतर. खायला चिमूटभरच. आणि नळाचं ताजं पाणी कधीही घालायचं नाही.

“त्ये मला सांगता व्हय ताई?” तो पहिल्यांदा हसला. “पावडर म्याच टाकतो की.”

त्या दिवशी नुसती काचेची टाकी नेली आणि पंधरा दिवसांनी पाच काळ्या मॉली घेऊन गेला. पिशवी दोन्ही हातांनी धरून.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. “ताई, मासं उलटं झालेत.” एवढंच. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, साठवलेल्या पाण्याचे दोन कॅन स्कूटीवर बांधले आणि सुटले.

त्याच्या घरी गेले तर चार मॉली वर तरंगत होत्या. पाचवी पितळी तांब्यात आडवी पडून कल्ले हलवत होती. नागप्पानं तिला ओतायच्या राहिलेल्या एका घागरीतल्या जुन्या पाण्यात काढलं होतं. रुद्रम्मा, त्याची बायको, भिंतीला टेकून बसलेली. दोन्ही हात पदराखाली लपवलेले.

काय झालं ते विचारावं लागलं नाही. अंगणात सगळी भांडी घासूनपुसून चकचकीत भरलेली होती. दर पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्या भागात. आलं की घरोघरी जुनं ओतायचं, भांडी घासायची, नवं भरायचं. जुनं म्हणजे शिळं. माझी सासूसुद्धा हेच करते. आपण ताजं प्यायचं आणि माशांनी काय म्हणून शिळ्यात राहायचं? बाईनं मायेनं काच घासली, टाकी काठोकाठ ताज्या पाण्यानं भरली.

“म्या म्हनलं व्हतं न्हवं?” ती माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली. “माझ्या हाताला जगत न्हाय. तुमी ऐकलं न्हाय माझं.”

“तुझ्या हातानं न्हाय मेलं,” नागप्पा म्हणाला. “माझ्या. पहाटं पावडर म्या टाकली. मानसाचं जंतू मरत्यात तिनं, मासं बी मरत्यात. ताईंनी मला सांगितलं व्हतं, म्या तुला सांगितलं न्हाय.”

“माझं मन राखायला बोलू नका.”

तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“आन् ती तिघं बी तुझ्या हातानं गेली न्हाईत, रुद्रम्मा. हगवनीनं गेली. तवा आडाचं पानी व्हतं गावात. म्याच शेंदून आनायचो. त्यात पावडर टाकाय कुनी नव्हतं. धाकटी गेल्यावर दवाखान्यातल्या डाक्टरनं सांगितलं मला. म्हनून म्या ही नौकरी धरली.”

रुद्रम्मा त्याच्याकडे बघतच राहिली. “एकतीस वर्सं?”

“एक दिस खाडा न्हाय. ताप असला तरी पावडर टाकून आलोय.”

“आन् मला का न्हाय सांगितलं?”

“कसं सांगू? पानी म्या आनलं व्हतं. तू हाताला दोस देत व्हतीस, आन् मी… मी गप बसलो.”

दारासमोरून शाळेची पोरं दंगा करत चालली होती, सगळी या माणसाच्या पाण्यावर वाढलेली. त्यांच्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

रुद्रम्मा रडली. मग उठली. मेलेल्या चारही मॉली तिनं पळसाच्या पानावर घेतल्या, चिमूटभर विभूती लावली आणि अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरल्या. मी असले मासे मोरीत टाकते. परत येऊन तिनं माझा कॅन उचलला.

“जड हाय, दे इकडं,” नागप्पा पुढं झाला.

“सरका तुमी,” ती म्हणाली आणि टाकी उपसून स्वतःच्या हातानं भरली. तांब्यातली मॉली तीत सोडली. ती तळाशी गेली, कलंडली, पुन्हा सरळ झाली.

पुढच्या आठवड्यात दोघं एसटीनं दुकानात आली. वाचलेल्या मॉलीला एकटीला करमत नाही म्हणून तिला सोबत न्यायची होती. मी चार तरतरीत मॉली जाळीत धरल्या. रुद्रम्मानं मान हलवली. ती टाकीच्या कोपऱ्यात बघत होती. तिथं फाटक्या शेपटीची एक मरतुकडी मॉली इतरांच्या टोचण्या खात पडली होती.

“ही द्या.”

“काकू, ही जगायची नाही.”

“बघू की,” ती म्हणाली आणि पिशवीसाठी हात पुढं केला.