महिपतीचा खुराक

शके अठराशे सत्तावन्नच्या माघ महिन्यात, एका सोमवारी सकाळी, टाकवे बुद्रुकच्या तालमीत वस्ताद रखमाजींनी आपल्या भाच्याच्या, महिपतीच्या, कमरेवरची कातडी चिमटीत धरली आणि दाराशी बसलेल्या गेणूकडे विजयी नजरेने पाहिले. गेणू हा शेजारच्या गावातल्या तालमीचा वस्ताद. वाद घालण्यासाठीच तो अधूनमधून इकडे येई.

"बगा. दिवाळीत हितं मूठभर चरबी व्हती."

"व्हती खरी. पर आंगावरचं उतरवता उतरवता आंगातलं बी उतरवू नगा म्हंजे झालं. आमी दूध-तूप पाजतो. तुमी गड्याला हुलगं चारताय. पैलवान पाळलाय का बैल?"

आखाड्यातली पोरे हसली. महिपतीही हसला.

एकाच पातेल्यातला खुराक साऱ्यांना वाढणारा वस्ताद रखमाजींच्या लेखी आचाऱ्याहून मोठा नव्हता. लुकड्या नथूला ते दूध, केळी आणि गूळ देत. अंगाने सुटलेल्या महिपतीला हुलग्याचे कढण, अंडी, लोणी काढलेले ताक आणि सातूची एकच भाकरी. गूळ-तूप त्याला वर्ज्य होते. देह निराळा तर ताट निराळे, या एका मुद्द्यावर त्यांनी पंचक्रोशीतल्या वस्तादांशी वैर घेतले होते. चैत्रातल्या जत्रेत महिपती मैदानात उतरला की तो वाद कायमचा मिटणार होता. शिवाय महिपती नुसता शागीर्द नव्हता. बहीण कस्तुराबाई विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा तो तिच्या कडेवर होता, आणि रखमाजींना पोटचे मूल नव्हते.

फाल्गुन लागला तशी चरबी अपेक्षेहूनही झपाट्याने झडू लागली. खांदे निघाले, गालफडे बसली. गावात जो तो वस्तादांना वाखाणू लागला.

"दादा, पोरगं घागरी रिकाम्या करतंय," कस्तुराबाई एकदा म्हणाली. "रातभर उठतंय बी."

"घाम गाळतंय, कस्तुरे. पाणी मागणारच."

मग परसात मुंग्या दिसल्या. रात्री महिपती जिथे लघवीला जाई, त्या भिंतीच्या पायथ्याशी तांबड्या मुंग्यांची जाड रांग लागली होती. रखमाजींनी तिथले दगड एकेक उलथून पाहिले. काही सापडले नाही. पण मुंग्या उगाच येत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

"गूळ कुटं दडवलास?"

"मामा, म्या गुळाला हात लावला न्हाई."

"मग ह्या काय माज्या सासुरवाडीच्या वऱ्हाडी आल्यात?"

"मारुतीची आण, मामा."

"देवाला मधी घालू नगंस. खाल्ला आसशील तर खाल्ला म्हण. दोन शिव्या दीन आन् सोडीन."

महिपती आखाड्यात गेला, तांबड्या मातीला त्याने कपाळ टेकले आणि कोणी न सांगता जोर काढू लागला. त्या जोरांचा अर्थ रखमाजींनी आपल्या सोयीने लावला. संध्याकाळची भाकरीही त्यांनी अर्धी केली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सरावाच्या जोडीत नथूने सहज म्हणून पाय धरून पट काढला आणि महिपती पाठीवर गेला. नथूलाच ते खरे वाटेना.

"ऊठ की. चेष्टा करतोस व्हय?"

महिपतीने उठण्याचा प्रयत्न केला. कोपर मातीत घसरले. आखाड्यात कोणी हसले नाही. रखमाजींनी त्याच्या फासळ्या पाहिल्या. हे उघडे अंग ते रोज पाहत आले होते. पण शाबासकीच्या नजरेला त्या फासळ्या दिसल्या नव्हत्या.

घरी येताच त्यांनी स्वतः चूल पेटवली. रवा भाजला, तूप सैल हाताने सोडले, गूळ फोडून घातला.

"दादा, आन् तुजा नेम?" कस्तुराबाईने विचारले.

"नेम गेला चुलीत. खाऊ दे पोराला."

महिपतीने ताट हलकेच मागे सारले.

"मामा, जत्रा झाल्यावर खातो की. आता कुटं आंग उतरतंय."

"खा म्हणतो न्हवं! चोरून खाण्यापरास माज्या हातानं खा."

महिपतीने मामाकडे एकवार पाहिले आणि तोंड उघडले. रखमाजींनी घास भरवला. लहानपणीही त्यांनी त्याला कधी भरवले नव्हते.

पुढे रोज शिरा झाला, गूळ घातलेले दूध झाले. तहान मात्र वाढतच गेली. मग उलट्या सुरू झाल्या. श्वास लांब आणि खोल चालू लागला; त्याला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास येई. शिमग्यानंतर चौघांनी त्याला बाजेवरून कामशेत स्टेशनात नेले आणि तिथून आगगाडीने लोणावळ्याला.

तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेतली, तीत निळे औषध ओतले आणि नळी ज्योतीवर धरली. निळा रंग विटेसारखा लाल झाला.

"मधुमेह आहे," ते म्हणाले. "साखर अंगी न लागता लघवीवाटे जाते. मांस झडले ते त्यानेच. घरी लघवीच्या जागी मुंग्या येत असतील."

कस्तुराबाईने भावाकडे पाहिले नाही. पदर तेवढा तोंडात कोंबला. बाक रिकामे असून रखमाजी खाली फरशीवर बसले.

"सुईचे औषध पुण्याहून मागवले आहे. पण शुद्ध गेलेली आहे. ते येईपर्यंत मुलगा राहील, असे मला वाटत नाही."

पलीकडच्या खोलीतला तो खोल श्वास ऐकू येत होता.

"म्या त्येचं खानं तोडलं, दाक्तरसायेब," रखमाजी म्हणाले. त्यांना शिक्षाच हवी होती. "माज्या खुराकानंच घात केला न्हवं?"

डॉक्टरांनी काय काय खाऊ घातले ते विचारले. रखमाजींनी हुलगे सांगितले, ताक सांगितले, सातूची भाकरी सांगितली. मग थांबून, मान खाली घालून, शिराही सांगितला.

डॉक्टरांनी नळी लाकडी घोडीत ठेवली.

"खुराक बरोबर होता," ते म्हणाले. "तो मोडायला नको होता."