हेझल क्रीकच्या तारा

"हे तुमच्याच हातचं काम ना, मिस्टर सोबचाक?"

घरं बांधणाऱ्या कंपनीच्या वकिलाने प्लास्टिकची पिशवी उंच धरली. आत वितळून काळं पडलेलं सॉकेट होतं. काउंटीच्या सभागृहात आगीच्या चौकशीला पन्नासेक माणसं बसली होती आणि पहिल्याच रांगेत रॉस्को टिलमन. फेब्रुवारीत भर दुपारी त्या सॉकेटमागून आग लागली आणि त्याची बायको आयडेला त्यात गेली.

"माझंच," एमेट सोबचाक म्हणाला.

एकतीस वर्षं तो ओहायोतल्या घरांच्या भिंतींतून तारा ओढत होता. अडुसष्ट साली तांबं महागलं आणि कंपनीने हेझल क्रीक वस्तीतल्या घराघरांत अ‍ॅल्युमिनियमची तार घालायचं ठरवलं. एमेटला ती तार पहिल्या आठवड्यातच खटकली. वीज वाहिली की ती तापून फुगायची, मग थंड होऊन आकसायची. असं होता होता स्क्रूची पकड सुटायची, आणि सैल जोड आणखीच तापायचा. लोकांना दाखवायला सजवलेल्या घरात दिवसभर दिवे चालू असत. तिथली सॉकेटं त्याने महिन्याभराने उघडून पाहिली आणि तो तडक मुकादमाकडे, डेल हचिन्सकडे गेला.

"डेल, महिन्यापूर्वी आवळलेले निम्मे स्क्रू सैल झालेत."

"तार नियमात बसते ना? मग तुझ्या का पोटात दुखतंय?"

"उद्या कुणाचं घर पेटलं म्हणजे?"

"तू तार ओढ, बाबा. विचार करायला वरती माणसं बसलीत."

एमेटने तार ओढली. एकशे बारा घरांत ओढली. दोन मुली शिकत होत्या, आणि त्या हिवाळ्यात दुसरीकडे काम नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस त्याच्या घरी येऊन बसला होता. गोड बोलत होता. "एखाददुसरा स्क्रू नीट आवळला गेला नसेल, एवढंच म्हणायचं. माणूस आहे, चुकतो. तुझ्या पेन्शनला कुणी हात लावणार नाही." एमेटच्या बायकोने, लिओनाने, त्या माणसासमोरची कॉफी अर्धी असतानाच उचलून नेली होती.

आता वकीलही तिकडेच वळला. "म्हणजे स्क्रू सैल राहिला."

"राहिला नाही. झाला."

"फरक काय पडतो?"

"राहिला असता तर दोष माझा. झाला, तो तुमच्या तारेमुळे."

सभागृहात कुजबुज झाली. वकील कागद चाळायला लागला.

"आणि माझाही दोष आहे," एमेट म्हणाला. "तुम्ही सांगताय तो नाही. मला कळत होतं, तरी मी तार ओढत राहिलो."

"विचारलंय तेवढंच सांगा."

"विचारत नाही तुम्ही, म्हणून सांगतोय. टिलमनबाईंनी कंपनीला चार वेळा फोन केला. सॉकेट तापतंय, दिवे मिचमिचतायत, सांगितलं. आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत? टोस्टर आणि कॉफीचं भांडं एकदम लावू नका. अहो, स्वयंपाकघर म्हणूनच विकलं होतंत ना ते त्यांना? मग तिथं काय करायचं होतं बाईंनी?"

अध्यक्षांनी त्याला थांबवलं. तज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत निर्णय राखून ठेवला आणि सगळ्यांचे आभार मानले. आभार कसले, हे एमेटला कळलं नाही. रागाने त्याचे कान तापले होते.

बाहेर व्हरांड्यात रॉस्को उभा होता.

"तुला माहीत होतं," रॉस्को म्हणाला.

"हो."

रॉस्को त्याच्याकडे बघत राहिला. मग टोपी डोक्यावर ठेवून पायऱ्या उतरून निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं एमेटला वाटलं.

सोमवारी कंपनीने त्याला काढून टाकलं.

शनिवारी सकाळी तो हेझल क्रीकला गेला. गाडीत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेसाठीच बनवलेली नवी सॉकेटं होती, स्वतःच्या खिशातून आणलेली. पहिल्या दारातल्या माणसाने "माझ्या वकिलाशी बोल" म्हणून दार आपटलं. दुसरं दार एका तरुण बाईने उघडलं. तिच्या कडेवर मूल होतं.

"कंपनीने पाठवलंय तुम्हाला?"

"नाही. कंपनीने काढलंय."

"मग इथं काय काम?"

"ह्या घरातल्या तारा मी ओढल्यात, बाई."

तिने त्याचा चेहरा निरखून पाहिला. पेपरात त्याचा फोटो आला होता. तिने ओळखलं असावं. मग ती दारातून बाजूला झाली.

स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या झाकणावर त्याने हाताची मागची बाजू टेकवली. ते गरम होतं. तळघरात जाऊन त्याने मेन स्विच बंद केला. वर आला तेव्हा दिवे गेले होते, फ्रिजची घरघरही थांबली होती. तो भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला.

"दूध खराब होईल का हो?" तिने विचारलं.

"नाही होणार. फ्रिजचं दार तेवढं उघडू नका."

तिने मान डोलावली. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि खिडकीपाशी जाऊन पडदा पूर्ण बाजूला सारला. त्याच्या हातांवर उजेड पडला.